तेच गाणं, दोनदा

बाबांना मी चारचौघांत खोटं पाडलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घालून झाला, पण हे लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आमच्या कोपरीच्या घरी दर रविवारी सकाळी बैठक असायची. बैठक म्हणजे बाबा, कळव्याहून येणारे त्यांचे मित्र फ्रान्सिसकाका, शेजारच्या सुमनकाकू आणि मोठं पातेलंभर पोहे. फ्रान्सिसकाका उभा जन्म लग्नकार्यांत व्हायोलिन वाजवत आलेले, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं.

नियम साधा. एका गाण्याची दोन रेकॉर्डिंगं लावायची. कुठलं कधीचं ते सांगायचं नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि मग बोलायचं.

नुसतं "छान आहे" म्हटलं की बाबा उखडायचे.

"छान काय? का छान ते सांग!"

मी तेव्हा शाळेत होते. मला पोह्यांत जास्त इंटरेस्ट.

बाबा आणि फ्रान्सिसकाकांचं सगळ्यात लाडकं भांडण एकाच भावगीतावरून. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं. नाव नाही सांगत, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही लोक भांडत बसाल.

पहिलं रेकॉर्डिंग गाणाऱ्या बाईंच्या ऐन विशीतलं. साथीला पेटी आणि तबला, बास. दुसरंही त्याच बाईंचं, पण पुष्कळ वर्षांनंतरचं. स्टीरिओ, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि पट्टी एका सुराने खाली.

बाबा म्हणायचे, "पहिल्यात अंतऱ्याआधी बाईंचा श्वास ऐकू येतो. दुसऱ्यात तो कापलाय. गाणं स्वच्छ झालं, पण बाई गेली त्यातून."

काका म्हणायचे, "अरे, पण दुसऱ्यात आवाज पिकलाय! विशीतल्या पोरीला काय कळतंय रे घर सोडायचं दुःख?"

वीस वर्षं हेच. दोघांपैकी एकही इंचभर हलला नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले. रविवारी जमेल तसं जायचे. बाबा हल्ली फार ठासून बोलायला लागले होते. दुसऱ्याचं ऐकूनच घ्यायचे नाहीत. मला वाटलं, वय झालं, हट्टी झालेत. म्हटलं, एकदा जिरवू यांची.

एका रविवारी मी फोन स्पीकरला जोडला आणि पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. संपल्यावर परत तेच लावलं.

बाबा डोळे मिटून मान डोलवत होते.

"दुसरं," ते म्हणाले. "यात श्वास आहे. आधीच्यात नव्हता."

"बाबा, दोन्ही एकच होतं! तेच लावलेलं मी दोनदा!"

मी टाळ्या पिटून हसले. सुमनकाकूंना हसून हसून ठसका लागला. बाबाही हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

फ्रान्सिसकाका हसले नाहीत. निघताना दारात चपला घालताना हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हे बरं नाय केलंस."

मला रागच आला. घरात गंमतसुद्धा करायची नाही का!

पुढच्या रविवारी बाबांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना बाहेर काम निघालं. मग कुणी विचारायचंच बंद केलं.

काही महिन्यांनी फोनवरचं माझं बोलणंही त्यांना कळेना, तेव्हा मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर, मशीनपाशी उभी. एकामागून एक आवाज जात होते ते मला मशीनवर दिसत होतं. बाबांचा अंगठा हलत नव्हता.

"बारीक आवाज यांना बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नसणार," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे तो श्वास सोडाच, पेटी कुठली आणि व्हायोलिनं कुठली हेसुद्धा त्यांना कधीचंच नीट ऐकू येत नव्हतं. दोन्ही रेकॉर्डिंगं त्यांना पाठ होती आणि ते आठवणीतून बोलत होते. बैठक मोडू नये म्हणून त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. आणि ती बैठक मी मोडली, तीही त्यांचं हसं करून.

परत येताना रिक्षात माफी मागायचीच असं ठरवलं होतं.

"कानातलं मशीन एकदम छोटं असतं हो बाबा, दिसतही नाही." एवढंच तोंडातून निघालं.

मशीन आलं. माणसं ऐकू यायला लागली, पण गाणं म्हणे पत्र्यासारखं वाजतं.

मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला.

"अगं, एक काम कर. ती दोन्ही तू नीट ऐक आणि मला सांग, कशी आहेत. तू सांगशील तसं मी मनात लावून बघतो."

"बाबा, मीटिंगला चाललेय. रविवारी येते ना, बसून सांगते."

"ये. पण नुसतं छान म्हणू नकोस."

शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

वर्षभर ते गाणं लावायची हिंमत झाली नाही. आज सकाळी लावलं. दार बंद करून, दोन्ही, तीन-तीनदा.

तर ऐका बाबा.

पहिल्यात बाई घाईत आहेत. शेवटची ओळ तबल्याच्या जरा पुढेच पळते. त्या मुलीला नव्या घराची ओढ आहे, मागे वळून बघायचं तिला सुचतही नाही.

दुसऱ्यात त्याच ओळीवर बाई रेंगाळतात. व्हायोलिनं पुढे निघून जातात आणि त्या मागून पोचतात. मला वाटतं, तिथे मुलगी गातच नाहीये. तिला पोचवायला दारापर्यंत आलेलं माणूस गातंय.

तुम्ही आणि काका दोघंही बरोबर होतात. ती दोन वेगळ्या माणसांची गाणी आहेत.

हे काकांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

मी चुकले बाबा. फार चुकले.

सांगायला एक वर्ष उशीर झाला. तुमच्या पाया पडते.