काचेतल्या गुरुजींची मिशी

चूक माझीच आहे, त्यामुळे हसायला कुणाची परवानगी नको. फक्त चहा आधी खाली ठेवा, राव.

मी मंचरला एका शेठजींच्या भेटवस्तूंच्या दुकानात कामाला आहे. शेठजींनी काचेत चित्र कोरणारं लेझर मशीन आणलं. काचेवर नाही बरं का, काचेच्या आत. बाहेरून बोट फिरवा, सगळं गुळगुळीत. आणि पोटात अख्खा माणूस बसलेला.

मशीन बसवायला पुण्याहून मॅडम आल्या होत्या. सगळा धीर गोळा करून मी विचारलं, "आत शिरायला भोक कुठून पाडता?"

"भोक नाहीच. प्रकाशाचा ठोका असतो. पापणी लवेपर्यंत असे कोट्यवधी मावतील, इतका छोटा. काचेतून तो सरळ जातो, तिला काही होत नाही. पण भिंगानं त्याला जिथं एका टोकावर गोळा केलं, तिथं जोर एवढा वाढतो की काच तेवढीच फुटते. एक पांढरा ठिपका. असे लाखभर ठिपके म्हणजे एक चेहरा."

आता सांगा, मी घरी एक कप फोडला की आई अख्खी आळी गोळा करते, आणि ही बाई फोडून फोडून माणूस उभा करते. मी थक्क झालो. अजून आहे.

पहिलंच काम आमच्या येडगावच्या गुरुजींचं. माजी विद्यार्थ्यांनी त्यांना द्यायची भेट, त्याच दिवशी चारला त्यांचा निरोप समारंभ. मी नववीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी दोनदा घरी समजवायला आले, आणि दोन्ही वेळा मी मागच्या मागं पळालो. तेव्हापासून त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. वाटलं, निदान ही काच तरी आपल्या हातून नीट व्हावी. मोठी काच एकच होती.

मॅडमनी बजावलं होतं, "मशीनला हळदकुंकू लावायचं नाही." नाही लावलं. पण नवा ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, कुंकवाशिवाय पहिलं काम कधी झालंय का? आणि काच म्हणजे काही मशीन नव्हे. मॅडम चहाला गेल्या तेवढ्यात ओल्या कुंकवाचं बोट काचेच्या बरोबर मधोमध टेकवलं, हात जोडले आणि बटण दाबलं.

चट्. चट्. चट्.

काच बाहेर काढली. वर टवके उडालेले. आत गुरुजी अगदी जिवंत, टोपी, चष्मा, सुरकुत्यासुद्धा. फक्त पंचक्रोशीत गाजलेली मिशी गायब.

"आरं, मिशी कुठं गेली?" शेठजी म्हणाले.

"फोटोत व्हती, शेठजी."

मॅडमनी काच उजेडात धरली. मला वाटलं, आता रागावणार. "काच प्रकाशाला वाट देते, कुंकू देत नाही. त्यानं प्रकाश वरच अडवला, तापलं आणि तिथंच काच उडाली. मिशीपर्यंत पोहोचायला उरलं काय?"

नोकरी जायची वेळ, आणि मी मनात म्हणतोय, काय बाई हुशार आहे!

शेठजींनी तीच काच घेऊन मलाच येडगावला पिटाळलं. मी ती भेट देणाऱ्या पोरांच्या हातात दिली आणि दाराआड उभा राहिलो.

स्टेजवर गुरुजींनी काच फिरवून पाहिली. टवक्यातलं लाल नखानं खरवडलं. मग माईक जवळ ओढला.

"शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावणारा एकच विद्यार्थी मला आयुष्यात भेटला. अख्ख्या वर्गानं ते लाल ठिपके जंतू म्हणून वहीत काढले, आणि मी बरोबरच्या खुणा केल्या. दाराआड असंल बघा तो. त्याला म्हणावं, ये पुढं. फक्त येताना बोट धुऊन ये."

मी बोट पाहिलं. तोवर कुंकू शर्टालाही लागलं होतं.