बॅटरीखालची खाच

सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमधलं इंटरनेट मी तत्त्वासाठी तोडलं.

तत्त्व साधं होतं. फोनला सिम चालतं, तर लॅपटॉपला का नाही? वायफाय असलं तर राजा, नसलं तर पाट, हे काय यंत्र झालं? या अन्यायाविरुद्ध मी एकपानी पत्रक काढलं होतं आणि मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाच्या टेबलावर ठेवलं होतं. (लोकांनी त्यात तिळगूळ बांधून नेला.) एक काका म्हणाले, "अरे, फोनचा हॉटस्पॉट असतो की." मी ठणकावलं, "शेजाऱ्याकडे नळ आहे म्हणून आपल्या घरात नळ नको?" शिवाय माझा सेकंडहँड लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली आणि तिच्याखालची सिमची खाच सगळ्यांना दाखवली. देव्हारा उघडून दाखवावा तशी.

मी तेव्हा शिकत होतो आणि ताईकडे राहत होतो. तिच्या कंपनीने गाशा गुंडाळला होता, ऑफिसचा लॅपटॉपही परत नेला होता. तिचा इथला नोकरीचा पास संपायला थोडेच दिवस उरले होते. नवी नोकरी मिळाली नाही तर ती पुण्याला परत, आणि मी रस्त्यावर. एकच मुलाखत शिल्लक होती. सकाळी अकराला, व्हिडिओवर, माझ्या लॅपटॉपवरून.

दहा चाळीसला राऊटरचे दिवे गेले.

"निन्या, नेटला काय झालं?"

तेव्हा मला आठवलं. "मी बंद केलं. म्हणजे अर्ज महिन्यापूर्वी केला होता. तारीख आजची दिली असणार."

"आणि त्यांनी आजच तोडलं?"

"वक्तशीर देश आहे." (आपल्याकडे तोडायलासुद्धा तीन खेटे पडले असते.)

ताई वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा अशा वेशात उभी होती. "तुझा फोन दे."

माझा फोन बटणांचा होता. (तेही तत्त्व. दोन-दोन यंत्रांना नेट कशाला?)

"राहू दे, माझ्याच फोनचा हॉटस्पॉट लावते."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "आपल्याकडे खाच आहे." ती हो-नाही म्हणेपर्यंत तिच्या फोनमधलं सिम माझ्या चिमटीत होतं.

सिम टिकलीएवढं. खाच जुन्या मोठ्या सिमच्या मापाची. सिम सुर्रकन आत गेलं, पार दिसेनासं झालं. बॅटरी बाजूला ठेवून, तार जोडून लॅपटॉप सुरू केला. त्याने शांतपणे कळवलं की असलं कुठलंही उपकरण त्याच्यात बसवलेलंच नाही. खाच होती, पण खाचेच्या पलीकडे जो मोडेम लागतो, तो नव्हताच. वर्षभर मी लोकांना दार दाखवत होतो, मागे खोली आहे का हे न बघता!

"काढ ते सिम," ताई म्हणाली.

मी भुवयांचा चिमटा घातला. सिम आणखी आत गेलं. दहा बावन्न.

"पत्रक काढ आता," ताई म्हणाली. "त्यांना पोस्टाने मुलाखत देते."

आई दोन महिन्यांसाठी आली होती. बाबा जहाजावर इंजिनीअर होते, त्यामुळे आईकडे सगळं जोडीने असतं: दोन टॉर्च, कुकरच्या दोन रिंगा. मी त्यावरून तिला रोज चिडवायचो. ती हात पुसत बाहेर आली.

"माझं घ्या. चालूच आहे."

"तुला हॉटस्पॉट लावता येतो?"

"टॅबवर कीर्तन बघते ना मी, एमआरटी ट्रेनमध्ये. तुझे बाबा काय सांगतात? जहाज कधी एका दोरावर बांधत नाहीत."

पण आईच्या फोनला घरात रेंज मिळेना. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या रॅकपाशी, हात डोक्यावर धरला की मिळायची. आई तिथे गेली, हात वर केला आणि उभी राहिली. खिडकीतून ताईचा आवाज आला, "येस, आय कॅन हिअर यू क्लिअरली."

मी उंबऱ्यात बसलो. आईच्या मुठीतून एक आख्खी नोकरी घरात चालली होती. मी पुढे झालो, "आई, मी धरतो."

"तू कशालाही हात लावू नकोस," आई हळूच म्हणाली.

शेजारच्या चिनी आंटी भाजी घेऊन आल्या. "आंटी, वाय लाइक दॅट? हँड नॉट पेन आ?"

"डॉटर. जॉब," आई म्हणाली.

आंटींनी पिशवी खाली ठेवली. आईच्या कोपराखाली स्वतःचा हात दिला आणि त्याही उभ्या राहिल्या. समोरून एलआरटी रेल्वेचे डबे गेले, परत आले, पुन्हा गेले. दोघी हलल्या नाहीत. माझ्या पत्रकात 'एकजूट' हा शब्द तीनदा आहे. ती दिसते कशी, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नोकरी मिळाली. ताईने नवं सिम घेतलं, घरात पुन्हा लाइन आली. अर्ज तिने स्वतः भरला. मी मागणी सोडलेली नाही. जुनं सिम अजून खाचेतच आहे; दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. ते चालत नाही आणि निघतही नाही. म्हणजे लॅपटॉपमध्ये सिम कायमचं बसवलेलं असावं ही माझी मागणी, निदान आमच्या घरापुरती, पूर्णपणे मान्य झाली आहे.