बाबा आणि कोरोक्केची गाडी

रॉटरडॅमला आम्ही बायकोच्या नोकरीमुळे आलो. तिच्या परमिटवर मी डिपेंडंट. पुण्यात एका कंपनीचा विक्री विभाग सांभाळायचो, पण इथे डच येत नाही म्हटल्यावर माझं कुठेच काही जमेना. एका शनिवारी बाजारात एका खाण्याच्या गाडीवर 'मदतनीस हवा' अशी पाटी दिसली. गाडी साठीच्या एका जपानी बाईंची होती. त्यांनी इंग्रजीत एवढंच विचारलं, "गरम तेलाची भीती वाटते?"

"नाही."

"मग मंगळवारी सकाळी ये."

त्या कोरोक्के विकायच्या. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात परतलेला कांदा आणि जरासा खिमा, वरून ब्रेडचा जाडसर चुरा, आणि कडकडीत तेलात तळणं. जपानमध्ये खाटकाच्या दुकानाबाहेर उभं राहून लोक हे खातात, असं त्या सांगायच्या. इथली माणसं मात्र त्याला क्रोकेट, म्हणजे मांसाचं दाट सारण भरून तळलेला इथला खाऊ, समजून घ्यायची आणि आत बटाटा निघाला की आधी चपापायची. मग बहुतेक जण आणखी एक मागायचे.

मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं.

"इंजिनिअर झालास, आणि तिकडे जाऊन वडे तळतोस?"

"वडे नाहीत, बाबा."

"तेच ते," म्हणाले, आणि फोन ठेवला. आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना फोन करणारे, त्यामुळे ते फार लागलं.

उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले. पहिले काही दिवस माझ्या कामाचा विषयच निघाला नाही. शनिवारी मी पहाटे बाहेर पडलो. दुपारी मान वर केली तर रांगेत बायको आणि तिच्यामागे स्वेटर घातलेले बाबा. ऊन होतं, तरी स्वेटर. बाबांचा नंबर आला. कागदात गुंडाळून एक कोरोक्के पुढे केला. त्यांनी घाईत चावा घेतला, जीभ भाजली, तोंडापुढे हात हलवत उभे राहिले.

"तळलंयस नीट," अखेर म्हणाले. "पण हे अगदीच सपक आहे रे. मिरची नाही का घालत?"

मालकीणबाईंनी विचारलं, काय म्हणतात ते? मी घाबरतच सांगितलं. त्या मोठ्यांदा हसल्या. "आणू देत की त्यांची मिरची!"

पुढच्या शनिवारी बाबा खरोखर बरणीभर ठेचा घेऊन आले. स्वतः कुटलेला. बाईंनी बोटावर घेऊन चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ठामपणे म्हणाल्या, "आत घालणार नाही. आत घातला तर तो कोरोक्के राहणार नाही. बाजूला देऊ." बाबांना ते पटलं. स्वयंपाकात हट्ट असावा, असं त्यांचं पहिल्यापासूनच मत.

मग ते दर शनिवारी यायला लागले. गाडीमागे एका क्रेटवर बसून उकडलेले बटाटे सोलायचे. बाई जपानीत काही सांगायच्या, बाबा मराठीत उत्तर द्यायचे, आणि काम अडायचं नाही. ठेचा मागणारी गिऱ्हाइकं वाढली. एक उंच डच आजोबा तर ठेच्यासाठीच यायचे, आणि बाबांकडे बघून अंगठा वर करायचे.

परत जायच्या आधीच्या शनिवारी बाबांना पुण्याहून त्यांच्या मित्राचा फोन आला. मी तळत होतो. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "मुलगा? इथे बाजारात जपानी कोरोक्के तळतो. हो हो, तळतो. चांगला तळतो. गर्दी असते." माझा झारा क्षणभर तेलातच राहिला. एक कोरोक्के करपला. बाई रागावल्या.

आता शेजारच्या डेल्फ्ट शहरातल्या बाजारातही एक गाडी लावायचं ठरतंय. ती मी एकट्यानं सांभाळावी, असं बाईंचं म्हणणं आहे. मी होकार दिलाय. संध्याकाळी डचच्या वर्गाला जातो. काल पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाशी इंग्रजीचा एकही शब्द न वापरता बोललो.