जनरेटर रद्द करणारा आवाज

ज्या तपासाची केस डायरी नाही, पंचनामा नाही आणि आरोपपत्रही नाही, असा एक तपास माझ्या मनात अजून ताजा आहे. माझे वडील पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतल्या आठवणी ते स्वतः लिहितात. ही मात्र त्यांनी माझ्याकडे सोपवली. "जबाब सगळे जर्मनमध्ये झाले. मी फक्त प्रश्न विचारले, ऐकलं तू. तेव्हा लिही तूच," असे ते म्हणाले. त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे मी कुणाचेही नाव देत नाही.

दोन हजारच्या दशकाचा मध्य. मी जर्मनीत गार्चिंगच्या एका संस्थेत ज्वलनाच्या रसायनशास्त्रावर पीएच.डी. करत होते. नवरा जवळच्या उंटरश्लाइसहाइमला सॉफ्टवेअर अभियंता होता. गार्चिंगच्या पुढच्या एका खेड्यात, ऐंशी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. सारे गाव त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणे. आम्हीही तसेच म्हणत असू. ओमांची फुप्फुसे थकली होती. त्यांच्या खोलीत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेवरचे यंत्र अखंड चाले आणि त्याची लांब नळी नाकाशी घेऊन त्या घरभर वावरत.

त्या हिवाळ्यात ओल्या बर्फाच्या भाराने फांद्या तारांवर पडल्या आणि भर दुपारी गावाची वीज गेली, ती रात्री उशिरा आली. राखीव सिलिंडर पुरला, पण जेमतेम. ओमांचा मुलगा हँबुर्गहून आला आणि त्याने बजावले: पुढच्या बर्फाच्या आत घरात पर्यायी विजेची सोय झाली तर आई इथे राहील, नाही तर तिला वृद्धाश्रमात हलवावे लागेल. त्याच्या बोलण्यात रुक्षपणा नव्हता, भीती होती. ओमांनी मान हलवली आणि आपल्या दिवंगत नवऱ्याने स्वतः घडवलेल्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्यांना हलवणे म्हणजे काय, हे मला तेव्हा समजले.

जनरेटर बसवून घेण्याचे काम मी अंगावर घेतले. इंधन हा माझाच विषय होता. पेट्रोल प्रथम बाद केले. ते साठवून ठेवले की शिळे होते, त्याची वाफ तळघरात साचते आणि गरजेच्या क्षणी ते ओतायला कुणीतरी धडधाकट माणूस लागतो. डिझेल अधिक सुरक्षित; पण कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरते आणि आम्हाला यंत्र लागणार होते ते नेमके त्याच थंडीत. घर तापवण्यासाठी परसात द्रवरूप गॅसची मोठी टाकी आधीपासून होती. आत प्रोपेन. तो गोठत नाही, शिळा होत नाही, ओतावा लागत नाही. निर्णय झाला: गॅसवर चालणारे यंत्र, घराबाहेर, ओमांच्या झोपण्याच्या खोलीपासून दूर, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड खिडकी उघडी आहे का हे विचारून आत येत नाही. वीज गेली की यंत्राने स्वतःहून सुरू व्हावे. कुणाला काहीही करावे लागू नये. ही रचना मी ओमांना रेखाटून समजावली तेव्हा माझ्या स्वरात थोडा अभिमान होता, असे माझा नवरा म्हणतो.

कंत्राटदाराबाबत मी त्याहून कडक होते. गावातला एक हरहुन्नरी गृहस्थ हे काम निम्म्या वेळात करून देणार होता. मी नकार दिला. वीजवितरण कंपनीच्या नोंदणीत ज्याचे नाव आहे असा माइस्टर, म्हणजे परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा होता. घराची जोडणी मुख्य तारेपासून नीट तोडली नाही, तर जनरेटरची वीज उलट तारांत शिरते आणि खांबावर चढलेला माणूस मरतो.

हे फोनवर सांगितले तेव्हा बाबा हसले होते. "लोडशेडिंगच्या काळात आपल्या गल्लीत अर्ध्या लोकांनी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घेतलीय. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. मी जप्त करायचो, ते नवी करायचे. तुझा नवरा पुण्याचा ना? त्याचं कपाट तपास."

"तपासलं," मी म्हटले. "सापडली. कापून टाकली."

ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे राहायला आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारले, "खाली त्या अक्का दिवसभर एकट्याच असतात?"

"हो. नर्स सकाळी येऊन जाते."

"आणि तुम्ही?"

"बाबा, इथे कुणाकडे न कळवता जात नाहीत. आधी टेर्मिन ठरवावी लागते."

"जिना उतरायला अपॉइंटमेंट?"

"त्यांना अवघडल्यासारखं वाटतं."

"असं त्या म्हणाल्या?"

त्या तसे कधीच म्हणाल्या नव्हत्या. जर्मनीत आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही हा नियम शिकलो आणि नवशिके जितक्या कसोशीने पाळतात तितक्या कसोशीने पाळत राहिलो. बाबांना नियम मान्य नव्हता. दुपारच्या कॉफीला ते सरळ खाली गेले. त्यांना जर्मन येत नव्हते, ओमांना मराठी. ते त्यांना अक्का म्हणू लागले आणि त्या त्यांना "हेर कोमिसार", म्हणजे इन्स्पेक्टरसाहेब. दोघे मिळून शेंगा सोलत आणि आपापल्या भाषेत बोलत. तासाभराने बाबा वर येत आणि सांगत, "अक्कांचा नवरा गवंडी होता. मोटारसायकलीवरून पडला होता एकदा." हे त्यांना कसे कळे, हे मला उलगडले नाही.

दरम्यान काम अडले होते. पहिला माइस्टर ठरल्या दिवशी आलाच नाही. जर्मनीत कारागीर उशिरा येतो, महिनाभर थांबायला लावतो, पण टेर्मिन देऊन न कळवता गैरहजर राहत नाही. मी दुसरा गाठला. त्याने जागा पाहिली, इंधनाची निवड योग्य ठरवली, धुराची दिशा बदलायला सांगितली. सप्टेंबर संपताना त्याच्या कार्यालयातून उत्तर आले: ग्राहकाच्या इच्छेनुसार काम रद्द. मी पहिल्याकडे चौकशी केली. तिथेही तेच. कुणीतरी फोन करून आमच्या घराच्या वतीने काम रद्द करत होते.

"सून," मी बाबांना म्हटले. "हँबुर्गची. ओमा वृद्धाश्रमात गेल्या की घर विकता येईल."

"सुनेवर संशय घेणं सगळ्यात सोपं. ठाण्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारींत तीच असते आणि बहुतेक वेळा ती त्या वेळी स्वयंपाक करत असते." बाबांनी चष्मा पुसला. "त्या कार्यालयातल्या बाईला फोन लाव. काय बोलणं झालं ते विचारू नकोस. लोक बोलणं आपल्या सोयीने आठवतात. मागे काय ऐकू येत होतं ते विचार."

मी फोन लावला. पलीकडची बाई आधी चिडली.

"आल्झो, हे बघा, माझ्याकडे रोज कितीतरी फोन येतात."

"हा फोन करणारी व्यक्ती बाई होती का?"

"बाईच. फार नम्र. दोनदा माफी मागितली. म्हणाली, घरात वेगळं ठरलंय."

"मागे काही आवाज होता? रस्ता? रेडिओ? लहान मुलं?"

ती आठवू लागली. "फुस्स... मग शांत. परत फुस्स. सायकलच्या पंपासारखं. मला वाटलं, गॅरेजमधून बोलतायत."

मी बाबांसाठी भाषांतर करू लागले आणि अर्ध्यात थांबले. आम्ही दोघे बोलायचे थांबलो तेव्हा खालच्या मजल्यावरून ओमांच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा तोच आवाज जिन्यातून वर येत होता. फुस्स. शांत. फुस्स.

मला राग आला, हे नमूद केले पाहिजे. ज्या बाईंना घरी राहता यावे म्हणून मी प्रयोगशाळेतून सुट्ट्या काढत होते, त्याच बाई स्वतःला वृद्धाश्रमाकडे ढकलत होत्या. मी तडक खाली जायला निघाले. बाबांनी अडवले.

"कबुली घ्यायला जाणारा माणूस रागावलेला असेल तर त्याला कबुली मिळते, कारण मिळत नाही. चहा घे आधी."

दुपारी आम्ही दोघे खाली गेलो. ओमांनी मला पाहून तिसरा कप काढला आणि उगाच दोनदा पुसला. बाबांनी शेंगांचे टोपले पुढे ओढले. बराच वेळ नुसते सोलणे चालले.

मग ते म्हणाले, "विचार त्यांना, मागे वीज गेली होती तो दिवस कसा होता?"

मला हा प्रश्न निरर्थक वाटला, तरी मी विचारला. ओमांचा चेहरा एकदम उजळला.

"सुंदर! तुम्ही दोघं मेणबत्त्या घेऊन आलात. तुझा नवरा जमिनीवर बसला, खुर्ची असून. गॅसच्या शेगडीवर तू तो पिवळा भात केलास. त्याने गाणं म्हटलं. फार वाईट म्हटलं." त्या हसल्या आणि दम लागून थांबल्या. "तू माझा हात धरला होतास. सिलिंडरचा काटा बघत होतीस आणि मला कळू नये म्हणून हवामानाबद्दल बोलत होतीस."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" हा प्रश्न माझा होता.

"तुम्ही होतात की."

बाबांनी मान हलवली. भाषांतराची त्यांना गरज नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले, "आता यंत्राचं विचार."

मी विचारले. ओमा नळीशी चाळा करत राहिल्या. "तू चित्र काढून दाखवलंस ना. वीज जाणार, यंत्र आपोआप सुरू होणार. कुणालाही काही करावं लागणार नाही. गेनाऊ? बरोबर ना?"

"हो. तोच तर फायदा आहे."

"मग कुणी खाली कशाला येईल?"

हे वाक्य मला मराठीत आणायचे होते. पाच शब्दांचे काम. मला ते लगेच जमले नाही. बाबा शेंग सोलत राहिले. अखेर मी सांगितले.

"पण ओमा," मी म्हटले, "यंत्र नसेल तर तुम्हाला इथून जावं लागेल."

"ते हिवाळ्यात," त्या म्हणाल्या, जणू हिवाळा दुसऱ्या कुणाचा होता.

वर आल्यावर बाबांनी मला यावर एक वाक्य सांगितले, ते त्यांच्या साऱ्या नोकरीचे सार असावे: "माणूस पुढच्या महिन्याचा हिशेब करून खोटं बोलत नाही. आजच्या संध्याकाळपुरतं बोलतो."

त्या दुपारी मात्र ते उठले, सरळ उभे राहिले आणि ठाण्यातल्या आवाजात म्हणाले, "अक्का, गुन्हा कबूल. शिक्षा ऐका. यंत्र बसणार."

मी भाषांतर केले. ओमांनीही मान ताठ केली. "हेर कोमिसार कडक आहेत. आणि वरची माणसं?"

"त्यांनाही शिक्षा आहे," बाबा म्हणाले. "रोज हजेरी."

"अंधार नसताना सुद्धा?"

"कुठल्या ठाण्यात हजेरी फक्त अंधारात असते?"

ओमांनी त्याच दिवशी माइस्टरच्या कार्यालयात स्वतः फोन केला आणि तिसऱ्यांदा माफी मागितली. मुलाला आम्ही यातले काही कळवले नाही. बाबांच्या मते ते त्याच्या तपासाच्या कक्षेत येत नव्हते.

बाबा दिवाळीच्या आधी परतले. पहिल्या बर्फाआधी यंत्र बसले. माइस्टरने जोडणी तपासली, धुराचे तोंड बागेच्या टोकाकडे वळवले आणि चाचणीसाठी मुख्य स्विच खाली ओढला. यंत्र क्षणभर कुरकुरले आणि सुरू झाले. मुलगा हँबुर्गहून पाहायला आला, सगळे बारकाईने पाहिले आणि परत जाताना वृद्धाश्रमाचा विषय त्याने काढला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी, जेवणाच्या सुमारास, पुन्हा वीज गेली. दिवा गेला, परसात यंत्र घुमू लागले आणि आमच्या पानातली कोशिंबीर तशीच असताना दिवा परत लागला. खालून फुस्स, शांत, फुस्स चालूच होते. माझी रचना अचूक चालली होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी भाताचे पातेले उचलले.

ओमांनी दार उघडले आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "माझ्याकडे वीज आहे," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक आहे. काय हवंय?"

"आइनफाख सो," मी म्हटले. असंच.

"मग दारात काय उभे? खोली गार होतेय."

नवरा जमिनीवर बसला.

मी अजूनही यंत्रणा आखते. तेच माझे काम आहे आणि मला ते आवडते. मानवी श्रम वाचवणारी रचना चांगली, यावरचा माझा विश्वास त्या तपासाने कमी झाला नाही. फक्त एखादी गोष्ट आपोआप घडेल अशी सोय करताना मी आता एक प्रश्न अधिक विचारते: ती आजवर कोण करत होते, आणि त्या निमित्ताने ते कुणाला भेटत होते.