गाठ सुटली

माझा नवरा पोरीच्या लग्नातून उठून पळाला होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. चांगलं चांगलं लिहायचा दिवस आहे, पण सुरुवात इथूनच करते. स्वतःची फजिती सांगायला त्यांनाच फार आवडायचं.

आमचे हे, दत्तराव, नरसी रोडवरच्या एका गुरांच्या फार्मवर ट्रॅक्टर चालवायचे. नव्वदच्या सुमारास लागले तेव्हा ट्रॉलीत कडबा भरून आणायचा आणि पेंढी पेंढी गायींपुढं टाकायची, एवढंच काम होतं.

दोन हजार सालानंतर मालकानं पंजाबकडून एक सेकंडहँड मशीन आणलं. बेल फीडर.

ते ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं. दोन लोखंडी सुळे गवताच्या भल्यामोठ्या गठ्ठ्यात घुसवायचे, हायड्रोलिकनं तो उचलायचा, आणि गव्हाणीच्या कडेकडेनं हळू जात लिव्हर ओढायचा. गवत थराथरानं गायींपुढं पडत जायचं.

इंग्रजीत अशा गठ्ठ्याला बेल म्हणतात, पण बेल म्हटलं की आमच्या लोकांना महादेवाच्या पिंडीवरचा बेल आठवतो. कापसाच्या गाठी मात्र सगळ्यांच्या बघण्यातल्या. म्हणून या गवताच्या गठ्ठ्यालाही सगळे 'गाठ'च म्हणायला लागले.

या शब्दानं पुढं माझा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता.

यांचा सगळा जीव त्या मशीनमध्ये. घरातला मिक्सर महिनाभर बंद पडून राहिला तरी चालेल, फीडरला ग्रीस रोज.

मी म्हणायची, "घरात बी दोन माणसं राहत्यात. ध्यान हाय का तुमचं?"

"हाय की."

बास. या माणसाचं घरात काडीचं लक्ष नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी गल्लीभर सांगितलंही होतं.

मग सुरेखाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी. मुलगा कनेरगाव नाक्याचा, शेती करणारा. मे महिना, संध्याकाळचा मुहूर्त, दारातच मांडव. फार्मवर यांनी बदली ड्रायव्हर दिला होता, त्याला सगळं शिकवूनही ठेवलं होतं.

नवरदेव मारुतीला जाऊन आला. अक्षता वाटून झाल्या. आणि फार्मवरचा गडी किसन धापा टाकत मांडवात घुसला, ओरडला,

"दत्ताभाऊ, गाठ सुटली!"

बँडवाले वाजवायचे थांबले.

लग्नाच्या मांडवात गाठ सुटली म्हटल्यावर लोक काय समजणार, सांगा!

नवरदेवाचे काका मानपानावरून आधीच फुगून बसले होते. ते उठलेच. "कुनाची गाठ सुटली? पोरीला पसंत न्हाई का? आधी काहून सांगितलं न्हाई?"

"अवो भाऊ, गवताची गाठ!" मी.

"गवताची गाठ कशी असती, बाई?"

त्यांना समजावते तोवर आमचे हे फेटा माझ्या हातात कोंबून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसलेसुद्धा. लिंबाच्या झाडापलीकडं धूळच दिसली.

किसनकडून कळलं ते असं. बदली ड्रायव्हरनं सुळे नीट घुसवले नव्हते. वळणावर गाठ घसरली ती गव्हाणीवर कोसळली आणि खाली एका गाभण गायीची मान अडकली. तो ड्रायव्हर पोरगा ट्रॅक्टर तिथंच सोडून पळाला.

इकडं मुहूर्त जवळ येत चालला. काका म्हणाले, "बापच मांडवात न्हाई. गाड्या माघारी फिरवा."

सुरेखा आत पिवळी साडी नेसून बसलेली. वरात दारातून परत गेली तर गाव तिला आयुष्यभर विसरू देणार नाही, हे मला दिसत होतं.

तेव्हा नवरदेव स्वतः बोलला. "काका, बसा. गाय दबून राहिली, मानूस जानारच. आपुन थांबू."

मुहूर्त टळला. भटजी घड्याळ बघून बघून थकले.

अंधारून आल्यावर हे परत आले. नवीन सदऱ्याला ऑइल, डोक्यात गवत.

"वाचली," म्हणाले.

नंतर कळलं, त्यांनी सुळे पुन्हा घातले आणि गाठ इंच इंच वर घेतली. घाई केली असती तर गायीची मान मोडली असती.

लग्न लागलं. अक्षतांसोबत यांच्या केसांतलं गवतही पोरीच्या डोक्यावर पडत होतं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकासुद्धा हसले.

पाठवणीला मी रडून रडून बेजार. सुरेखा गप उभी. हे जावयाजवळ गेले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, उशिराबद्दल माफी मागत असतील.

म्हणाले, "जावईबापू, येक ध्यानात ठेवा. हिला राग आला तर ही भांडती. त्याची फिकीर करू नका. पन हिला तकलीफ आसली की ही गप बसती. गप बसली की इचारा."

मी तिची आई. मला ते माहीत होतं.

यांनाही माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे गेल्यापासून सुरेखा रोज फोन करते. परवा माझं बोलायचं मनच नव्हतं, नुसतं हं हं करत होते. तिकडं जावयानं फोन घेतला. मला तो मामी म्हणतो.

"मामी, आज गप काहून बसल्या?"

अहो, त्यानं ध्यानात ठेवलंय बरं.

तुम्ही निवांत राहा. नमस्कार करते.