अंगठा मागच्या बटणावर

अंबारावा गावात फोटो काढायचा धंदा करून मला एकतीस वर्षं झाली. सुरुवात ओळखपत्राच्या फोटोंपासून. सरकारी नियमाने विषम सालात जन्मलेल्याच्या मागे लाल पडदा, सम सालवाल्याच्या मागे निळा. आयुष्यात एवढं एकच गणित मला नीट यायचं, आणि तेही दोनदा चुकलं. पुढे सुंतेचे कार्यक्रम आले, शाळांचे निरोप समारंभ आले, मग लग्नं. लग्नं म्हणाल तर चारशेच्या वर. इथल्या अर्ध्या घरांत भिंतीवर मुर्सिदीचा फोटो आहे, म्हणजे मी काढलेला. मी असलेला एकही नाही. माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा नाही.

त्याचं कारण म्हणजे एक बटण.

साधा माणूस कॅमेरा हातात घेतो, वरचं बटण अर्धं दाबतो, फोकस लागतो, पूर्ण दाबतो, फोटो निघतो. सगळं एका बोटाचं काम. बारा वर्षांपूर्वी समारांगला एका शिबिरात मला शिकवलं की खरे कसलेले लोक असं करत नाहीत. ते फोकसचं काम वरच्या बटणाकडून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणाला देतात. तिथे अंगठा. अंगठ्याने फोकस पकडायचा, वरच्या बोटाने नुसता फोटो काढायचा. एकदा नवरीवर फोकस पकडला की मधून वाढपी जाऊ दे नाहीतर कुणाची आत्या आडवी येऊ दे, तो हलत नाही. पद्धत उत्तमच आहे, आजही तिच्या बाजूने मी कुणाशीही भांडेन. पण मी शिकून आलो तो अशा थाटात आलो की जणू अंगठा हा अवयव गावात मला एकट्यालाच फुटलाय.

तोटा एकच. तो कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला की बोंबला. तो बिचारा वरचं बटण दाबतो, खट् आवाज येतो, फोटोही निघतो, पण फोकस मी शेवटी सोडला तिथेच, आणि फोटोत माणसं धुक्यात. परांगत्रितिसच्या समुद्रावर बायको, मुलगी आणि मी असे आम्ही तिघं गेलो होतो, तेव्हा एका पोलिसाला कॅमेरा देऊन आमचा फोटो काढायला लावला. लाटा अशा स्पष्ट आल्यात की फेस मोजावा. आम्ही तिघं मात्र वाळूवर सांडलेल्या रंगासारखे. माझी बायको वुर्यानी तेव्हा म्हणाली, "तुमचा कॅमेरा म्हणजे दात घासायचा ब्रश. दुसऱ्याच्या काही उपयोगाचा नाही."

यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्याच्या हातात देण्याआधी दोन मिनिटं खर्च करून फोकस परत वरच्या बटणावर आणायचा. ते कॅमेऱ्यात नेमकं कुठे करतात हे मी विसरलो होतो, आणि कुणाला विचारलं असतं तर माझी मान खाली गेली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

तर आमच्या एकुलत्या एक मुलीचं, लारासचं लग्न ठरलं. नवरा बागास, बालिकपापानच्या बंदरात वीजतंत्री, पोरगा सज्जन. लग्न झालं की आठवड्यात ती समुद्रापलीकडे जाणार होती. मी विचारलं, तुला काय हवं ते सांग. मला वाटलं शिवणयंत्र मागेल, नाहीतर फ्रिज. ती म्हणाली, "बाबा, मला एक फोटो हवा. ज्यात तुम्ही आहात. मी पाया पडतानाचा. तिकडे भिंतीवर लावायला."

आमच्याकडे लग्नात नवरानवरी आईबापांच्या गुडघ्यावर डोकं टेकून आजवरच्या चुकांची माफी मागतात, आणि आईबाप आशीर्वाद देतात. मांडवातला सगळ्यात रडका प्रसंग तो. त्याच वेळी बाप कॅमेऱ्यामागे असून कसं चालेल? वुर्यानी म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या गुनार्तोला बोलवा, चांगला फोटोवाला आहे. मी भडकलो. मुर्सिदीच्या मुलीच्या लग्नात गुनार्तो? जो अजून एकाच बोटाने सगळं करतो? लोक शेण घालतील तोंडात. मी जाहीर केलं की लग्न मीच टिपणार, फक्त त्या दहा मिनिटांपुरता कॅमेरा दुसऱ्याकडे देणार.

तो दुसरा म्हणजे सारिजो. मांडव आणि खुर्च्या त्याच्या. चारशे लग्नांत तो खुर्च्या मांडत आला आणि मी त्यांवर बसलेल्यांचे फोटो काढत आलो. लारास लहान असताना त्याच्या हातगाडीवर, खुर्च्यांच्या थप्पीवर बसून गावभर फिरायची. मी त्याला चार दिवस शिकवलं. अंगठा मागे, दाबून धर, हिरवा ठिपका दिसला की वरचं बोट. त्याचा अंगठा खुर्च्या उचलून उचलून केळफुलाएवढा झालेला, एका वेळी तीन बटणं दाबायचा. पण माणूस चिकाटीचा. चौथ्या दिवशी त्याने माझ्या कोंबडीचा असा फोटो काढला की मला हेवा वाटला. मी म्हटलं, चला, काम झालं.

लग्नाच्या दिवशी मला बापाच्या पोशाखात चढवलं. अंगरखा घट्ट, कमरेला गुंडाळलेलं वस्त्र त्याहून घट्ट, पाठीला खोचलेली कट्यार. आणि या सगळ्यावर गळ्यात कॅमेरा. पट्टा कट्यारीत अडकला की मला उभ्या उभ्या गोल फिरावं लागायचं. नवरीला सजवणाऱ्या बाई दोनदा येऊन सांगून गेल्या, की मी बापासारखा दिसत नाही, चोराला पकडायला आलेल्या हवालदारासारखा दिसतो. शेवटी सूत्रधाराने ध्वनिक्षेपकावरून नाव घेऊन बोलावलं, तेव्हा कुठे मी कॅमेरा सारिजोच्या हातात दिला. वर बजावलं, मी बसेपर्यंत मांडवाच्या दाराला बांधलेल्या केळीच्या घडावर सराव करत राहा. नको तिथे शहाणपणा करायची माझी खोडच आहे.

मी आणि वुर्यानी बसलो. लारास आली, बागास तिच्या मागे थांबला, तिने गुडघ्यांवर बसून माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सूत्रधाराने ध्वनिक्षेपक आमच्यामध्ये धरला, कारण मुलीची माफी आणि बापाचा आशीर्वाद सगळ्या मांडवाला ऐकू जायला हवा. ती बोलत होती. बाबा, लहानपणापासून आजवर माझं जे काही चुकलं असेल, असं काहीतरी. काहीतरी म्हणतोय, कारण मी ऐकत नव्हतो. मी सारिजोकडे बघत होतो. तो खट् खट् फोटो काढत होता आणि त्याचा अंगठा बटणावर नव्हता. अंगठा हवेत होता.

मी आधी डोळ्यांनी खुणावलं. मग हात पुढे करून अंगठा दाखवला. आमच्यात पाहुण्यांना जेवायला चला म्हणून असाच अंगठा पुढे करतात, त्यामुळे पहिल्या रांगेतले चारपाच जण अर्धवट उठले. सारिजोचं लक्षच नाही. आणि तेवढ्यात लारासचं बोलणं संपलं, सूत्रधाराने ध्वनिक्षेपक माझ्या तोंडापुढे आणला, मांडव शांत झाला.

"अंगठा," मी म्हणालो. "अंगठा मागच्या बटणावर."

चार कर्ण्यांतून ते पार भाजीबाजारापर्यंत गेलं असणार. तीनशे माणसं हसली. लारासने डोकं वर उचलून माझ्याकडे पाहिलं. मग ती आईकडे सरकली. वुर्यानीने आशीर्वाद दिला, भरपूर रडली, रीतसर सगळं केलं. माझी पाळी संपली होती.

दुपारी मांडव सुटत होता तेव्हा मी संगणकावर फोटो लावले. एकूण एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस धुक्यात. नवरी धुक्यात, आईबाप धुक्यात. मागे मांडवाच्या दाराला केळीचा घड मात्र इतका लख्ख की एकेक केळं मोजून घ्यावं, सालीवरचे ठिपकेसुद्धा दिसतायत. सरावातला तो शेवटचा फोकस, तिथेच राहिलेला.

मी तरातरा बाहेर गेलो. सारिजो खुर्च्यांची थप्पी लावत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. चार दिवस शिकवलं, कोंबडीचा फोटो नीट काढलास, माझ्या मुलीचा नाही काढता आला? तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती. सारिजोने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"अंगठ्याने डोळे पुसत होतो रे," तो म्हणाला. "पोरगी तुझ्या पायाशी बसली होती. मला वाटलं, तू पण रडत असशील. तुला कुठलं दिसतंय माझं काही."

मी पुढे झालो. थप्पीच्या दुसऱ्या बाजूला हात लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती गाडीवर चढवली. रडायचं होतं त्या वेळी बाप अंगठा तपासत होता आणि खुर्च्यांवाला रडत होता. लाज वाटली मला. खरोखर वाटली.

पण खोड जाते थोडीच? दुसऱ्या दिवशी सकाळी मी लारासकडे गेलो तो नवा बेत घेऊन. लग्नाचे भाड्याचे कपडे संध्याकाळी परत द्यायचे होते. म्हटलं, दहा मिनिटं घाल, बस माझ्यापुढे, कॅमेरा तिपाईवर लावतो. चारशे लग्नांत निदान शंभर बापांना मी हेच सांगितलंय, पुन्हा एकदा, जरा खाली बघून, डोळे पुसू नका. आणि त्यांनी बिचाऱ्यांनी केलंय. आपण पुन्हा करायला काय हरकत आहे?

लारास आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बालिकपापानला न्यायचं खोकं सुतळीने बांधत होती. मी छापून आणलेला फोटो, त्यातल्या त्यात बरा, तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिला. मग हसायला लागली, आणि इतकी हसली की सुतळी हातातून सुटली.

"केळी छान आलीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणून तर म्हणतोय, पुन्हा काढू. तिने मान हलवली. फोटो खोक्यात साड्यांसारख्या घड्या घातलेल्या बाटिकच्या कापडांमध्ये नीट सरकवला. हा मी नेणार, म्हणाली, यात तुम्ही आहात. त्या धुक्यात माझा पुढे आलेला हात कळतो, तोंड उघडं आहे हेही कळतं. भिंतीवर लागणारा, मुर्सिदी स्वतः असलेला पहिला फोटो.

मी तिपाईचं बोलतच होतो. तिने मला हातानेच थांबवलं.

"बाबा, मी जे बोलले ते खरं होतं. ते मी पुन्हा नाही बोलणार. तुमचं तेवढं राहिलंय."

मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो. आशीर्वादाचे शब्द मी चारशे वेळा ऐकलेत, मधूनच कुणी सुरुवात केली तरी पुढचं तोंडपाठ म्हणेन. त्या क्षणी त्यातला एक आठवला तर शपथ. ती सुतळी हातात धरून थांबली होती. वुर्यानी शेगडीपाशी उभी होती, तिने गॅस बारीक केला.

"तुझं काही चुकलेलं मला माहीत नाही," मी म्हणालो. "चुकलं असेल तेव्हा मी कॅमेऱ्यात बघत असेन. सुखाने राहा. दोघंही. तुझ्या चुका तिकडे बघायला मी नाही, तेव्हा फोन करून सांगत जा."

तिने बसल्या जागेवरून पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं, रोजच्या जुन्या घरच्या कपड्यांत, केसांना कालचं तेल तसंच. कॅमेरा पुढच्या खोलीत होता. मला समोरचं काही नीट दिसेना. एक हात तिच्या डोक्यावर होता, आणि डोळे पुसायला दुसऱ्या हाताचा अंगठाच वर गेला.