पेटीवरची गोधडी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आमच्या डोंगरातल्या शाळेत त्यापुढे वर्गच नव्हता. या वहीत शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. ज्याच्या हाती वही पडेल त्याने सांभाळून घ्यावं. वही नातीची, अर्धी कोरी राहिलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून इथे लिहिते.

अमेरिकेतल्या डब्लिनला मुलाकडे राहायला आले तेव्हा मागच्या गल्लीतले डॉक्टर मधमाश्या पाळतात असं कळलं. डॉक्टर आपलेच, मराठी, आता निवृत्त. माझ्या वडिलांच्या सातेरी, म्हणजे आमच्या डोंगरातल्या माश्यांच्या पेट्या होत्या. कुंपणापाशी उभी राहून मी रोज डॉक्टरांच्या पेट्या बघायची. एक दिवस कपड्यांच्या घड्या घालताना मी सुनेला म्हणाले, मला थोडे पैसे उसने देशील का, एक पेटी घेईन म्हणते. ती म्हणाली, उसने कशाला, मी घेऊन देते ना. मुलानेही तेच केलं असतं आणि दुसऱ्या दिवशी विसरला असता. मी मान खाली घालून एवढंच म्हणाले, उसनेच दे. माझ्या स्वतःच्या पैशांची वस्तू माझ्याकडे कधी नव्हती. मग तिने पैसे दिले.

माश्या वसंतात आल्या. जाळीच्या खोक्यातून, दक्षिणेकडच्या उबदार राज्यातून ट्रकने. पिवळ्याधमक, इटलीच्या जातीच्या, स्वभावाने गरीब. सातेरीपेक्षा अंगाने मोठ्या. सगळा उन्हाळा त्यांनी मन लावून काम केलं. पण पानं गळायला लागली तरी राणी अंडी घालतच होती. डॉक्टरांनी पेटीतली पोळ्याची चौकट उचलून पाहिली आणि ते हसले. म्हणाले, ताई, या नुकत्या व्हिसावर आल्यासारख्या आहेत, यांना वाटतंय इथे बारा महिने ऊनच असतं. खाणारी तोंडं वाढवून ठेवलीत. मग त्यांनी साखरेचा पाक घालायला सांगितला, आणि झाकणाखाली वर एक छोटी फट उघडी ठेवायला बजावलं.

ती फट मला पटली नाही. वडील पावसाळ्याआधी पेटीची एकेक चीर शेणमातीने लिंपून घ्यायचे. इथे तर बर्फ पडतो, आणि डोक्यावर भोक ठेवायचं? डॉक्टरांशी वाद घालण्याचा धीर नव्हता. समोर हो म्हणाले. घरी येऊन फट चिंध्यांनी बुजवली आणि पेटीला माझी गोधडी गुंडाळली. माझ्या जुन्या लुगड्यांची आणि ह्यांच्या सदऱ्यांची शिवलेली, विमानातून आणलेली गोधडी. सुतळीने घट्ट बांधली. लेकराला निजवल्यासारखं समाधान वाटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी ऊन पडलं. डॉक्टरांच्या माश्या बाहेर येऊन फिरून गेल्या. माझ्या पेटीतून एकही आली नाही. डॉक्टर आले. त्यांनी गोधडी सोडली. झाकण उचललं तर आतल्या बाजूने थेंबच थेंब. माश्या ओल्या, एकमेकींना चिकटून गेलेल्या. शेजारच्या चौकटीत मध तसाच होता.

"थंडीने नाही गेल्या, ताई," डॉक्टर म्हणाले. "हिवाळ्यात माश्या एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात, त्यांच्या श्वासाची वाफ वर चढते. तिला वाट मिळाली नाही. तिचंच पाणी होऊन वरून अंगावर पडलं."

आमच्याकडे ओल बाहेरून येते. इथे ती आतून येते, हे मला कुठून कळणार. माझीच चूक, असं मी पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, अर्धी तुमची, अर्धी त्यांची. पिल्लं सोडवत नाहीत म्हणून थंडीतही त्या मधापर्यंत सरकत नाहीत, आणि एवढी मोठी वसाहत वाफही जास्त सोडते.

त्या संध्याकाळी सुनेने गोधडी मशीनमध्ये न घालता टबमध्ये हाताने धुतली. मी पैशांचं बोलायला गेले तर म्हणाली, "आई, मी नागपूरची. इथल्या पहिल्या हिवाळ्यात रोज बाथरूममध्ये रडायचे. कुणाला सांगितलं नाही." पैसे राहू द्या असं मात्र ती म्हणाली नाही. तिचा तो चांगुलपणा मला अजून आठवतो.

वसंतात डॉक्टरांनी त्यांच्या पेटीतून निघालेली राणी आणि चार चौकटी मला दिल्या. काळपट माश्या, कैक हिवाळे इथेच काढलेल्यांच्या लेकी. दिवस लहान होऊ लागले तशी राणीने अंडी आवरती घेतली. गोळा एवढासा झाला, मला वाटलं मेल्याच. या वेळी फट उघडी ठेवली. गोधडी फक्त बाजूंनी लावली, वरून मोकळी. तरी बर्फ पडला की मी खिडकीशी उभी. हीही पेटी गेली असती तर पुन्हा पैसे मागायला माझी जीभ उचलली नसती.

जानेवारीत मला ताप आला. सून माश्यांना फार भ्यायची. तरी बूट चढवून बर्फातून पेटीपाशी गेली, कान लावून उभी राहिली. परत आली तेव्हा गाल लाल झाले होते.

"आई, आवाज येतोय. बारीक आहे, पण येतोय."

नातीने ते ऐकलं आणि दे आर अलाइव्ह म्हणत घरभर नाचली. मी तोंडावर पांघरूण घेतलं.

त्या उन्हाळ्यात मध निघाला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत डॉक्टरांनी मध विकायला टेबल मांडलं. मी मागे बाटल्या पुसत बसले. ते सगळ्यांना सांगत होते, या माश्या व्हिसावरच्या नाहीत, इथल्याच जन्मलेल्या. बाटल्या संपल्या. थोडे पैसे तेव्हाच सुनेला दिले. उरलेले यंदाच्या मधातून.

गेल्या रविवारी ती भाजी चिरत होती. मी नोटा ओट्यावर ठेवल्या, शेजारी मधाची बाटली, कारण उसनं नुसतं परत करू नये असं आमच्याकडे मानतात. मला वाटलं, हसून पर्समध्ये टाकेल. तिने हात धुतले, पुसले आणि एकेक नोट मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

"बरोबर आहेत, आई," ती म्हणाली. "सगळे फिटले."